बर्फाच्या डोंगरावर जाताना: साहित्य, हवा, उंची आणि वेळेचं नियोजन यांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

भरपूर ट्रेक झालेत, आता चार ते सहा हजार मीटरच्या बर्फाळ शिखरांकडे वळायचंय, अशांसाठी ही प्रश्नोत्तरं आहेत. सगळ्यात जास्त विचारणा साहित्याची होते, म्हणून सुरुवात तिथून केली आहे. माणसं अडकतात ती मात्र बहुतेकदा वेळ, उंची आणि हवामान यांत. त्यामुळे घाईत असाल तर बुटांचं नंतर वाचा, परतीच्या वेळेचं आधी वाचा.

ट्रेकचा चांगला अनुभव आहे. तरी कोर्स करायलाच हवा का?

पायवाट संपून बर्फाचा उतार किंवा ग्लेशियर सुरू होत असेल, तर हो. दमसास आणि सॅक वाहायची सवय ट्रेकमधून येते. पण घसरल्यावर आइस अ‍ॅक्सने (बर्फात रोवायच्या कुऱ्हाडीने) स्वतःला थांबवणं, दोराला बांधून चालणं, हिमभेगेत पडलेल्याला बाहेर काढणं या गोष्टी व्हिडिओ बघून येत नाहीत. घसरल्यावर विचाराला एक-दोन सेकंदच मिळतात, तेवढ्यात हात आपसूक चालले पाहिजेत. वाटाड्या सोबत असला तरी हे शिकून घ्या, कारण हिमभेगेत तोही पडू शकतो.

सगळं साहित्य एकदम घेणं परवडत नाही. आधी काय घ्यावं?

बूट. बाकी बरंच काही भाड्याने मिळतं आणि चालूनही जातं. दुसऱ्याच्या पायाला बसलेले बूट मात्र तुमच्या पायांचे हाल करतात. दिवसभरात पाय थोडे सुजतात, त्यामुळे बूट दुपारनंतर बघायला जा आणि ज्या मोज्यांत चढणार तेच घालून बघा. उतारावर उभं राहून अंगठा पुढे टेकतो का ते पाहा. टेकत असेल तर तो जोड तुमचा नाही. थंडीत बोटं हलवायला जागा लागते. फार घट्ट बूट रक्तपुरवठा दाबतात आणि त्यातूनच बोटं गारठायला सुरुवात होते. जाड मोजे कोंबून बूट ‘उबदार’ करायचा प्रयत्न नेमका उलटा पडतो.

बुटांनंतर हातमोजे, गॉगल आणि हेडलॅम्प. दोर, तंबू, स्टोव्ह ही गटाची खरेदी, ती सावकाश होऊ द्या.

माझ्या बुटांवर कोणतेही क्रॅम्पॉन (बर्फात रुतायला बुटाखाली लावायचे दाते) बसतील का?

नाही. बुटाचा तळ किती कडक आहे त्यावर बी१, बी२, बी३ अशी एक ढोबळ वर्गवारी वापरात आहे आणि क्रॅम्पॉनची तशीच सी१, सी२, सी३. पट्ट्यांनी बांधायचे सी१ क्रॅम्पॉन तिन्ही प्रकारच्या बुटांवर चालतात. सी२ ला टाचेवर खटका असतो, म्हणून बुटाच्या टाचेला त्यासाठी खाच लागते. सी३ पुढून तारेच्या कडीने अडकतात, त्यांना पुढे-मागे दोन्हीकडे खाच असलेला पूर्ण कडक बूटच हवा. मऊ तळाच्या बुटावर कडक क्रॅम्पॉन लावलं तर चालताना बूट वाकतो, क्रॅम्पॉन वाकत नाही आणि ते निघून येतं. कधी? उतार सर्वांत तीव्र असेल तेव्हा.

दोन्ही वस्तू दुकानातच एकमेकींवर बसवून बघा. पट्टे न बांधता बूट उचलून हलवला तरी क्रॅम्पॉन पडता कामा नये. खाली बर्फ चिकटू नये म्हणून प्लेटा असतात, त्या काढून वजन वाचवू नका. दुपारच्या ओल्या बर्फात त्या नसतील तर तळाला गोळे धरतात आणि दाते बर्फापर्यंत पोचतच नाहीत.

आइस अ‍ॅक्स किती लांबीची?

साध्या शिखरांसाठी जुना ठोकताळा पुरतो: हात सरळ खाली सोडून अ‍ॅक्स डोक्याला धरा, टोक घोट्याच्या आसपास यायला हवं. बहुतेकांना ५५ ते ६५ सेंटीमीटर बसते. उतार जितका तीव्र, तितकी आखूड अ‍ॅक्स सोयीची. उतारावर ती नेहमी डोंगराकडच्या हातात ठेवा. बाजू बदलली की हातही बदला, कंटाळा करू नका.

कपड्यांचे किती थर लागतात?

अंगालगत घाम बाहेर टाकणारा एक, त्यावर ऊब धरणारा एक, वर वारा आणि ओल अडवणारा एक. याखेरीज थांबल्यावर सगळ्यांवरून चढवायचं जाड डाऊन (पक्ष्यांची मऊ पिसं भरलेलं) जॅकेट. सुती कपडा कुठल्याच थरात नको, अगदी बनियनही नाही. ओलं सूत वाळत नाही आणि अंगाची ऊब ओढून घेतं.

थर किती यापेक्षा ते कधी काढता-घालता याला जास्त महत्त्व आहे. निघताना थोडी थंडी वाजलीच पाहिजे. उबदार वाटत निघालात तर वीस मिनिटांत घाम येईल, आणि पुढच्या वाऱ्यात हाच घाम गोठवेल. थांबलात की अंग गार पडायच्या आत जॅकेट चढवा. म्हणून ते सॅकच्या तळाशी नको, सगळ्यात वर हवं. डाऊन ओलं झालं की फुगत नाही आणि फुगलं नाही तर ऊब देत नाही, त्यामुळे ते जलरोधक पिशवीत भरा.

हातमोज्यांचे दोन जोड तरी न्या: काम करायला पातळ आणि वर घालायला जाड, शक्यतो एकत्र बोटांचे. त्यांना मनगटाची दोरी लावा. वाऱ्यात उडून गेलेला मोजा परत आणता येत नाही, आणि मोज्याविना हात म्हणजे चढाई तिथेच संपली.

स्लीपिंग बॅगवर उणे १५ लिहिलंय. म्हणजे उणे १५ ला झोप लागेल?

कोणता आकडा आहे त्यावर अवलंबून आहे. आयएसओ २३५३७ या मानकानुसार तीन आकडे देतात: कम्फर्ट, लिमिट आणि एक्स्ट्रीम. झोपायचं असेल तर कम्फर्ट बघा. लिमिट म्हणजे अंगाची जुडी करून कशीबशी निभावलेली रात्र. एक्स्ट्रीम हा केवळ जीव वाचण्याशी निगडित आकडा आहे, आणि काही जाहिरातींत मोठ्या अक्षरांत तोच असतो. या चाचण्या पोट भरलेल्या, कोरडे कपडे घातलेल्या, न दमलेल्या माणसाला धरून केलेल्या असतात. शिखरावरून परतलेला माणूस तसा नसतो. शिवाय त्या चांगल्या मॅटवर होतात. खालची थंडी बॅग अडवत नाही, कारण अंगाखाली ती चेपलेली असते. बर्फावर झोपायचं तर मॅटचं आर-मूल्य (ती थंडी किती अडवते त्याचा आकडा) पाचाच्या पुढे असू द्या. दोन मॅट एकावर एक टाकल्या तर मूल्यांची बेरीज होते, तेव्हा हवा भरायच्या मॅटखाली साधी फोमची टाका. वरची फुटली तरी खालची उरते.

साधा गॉगल का चालत नाही?

दर हजार मीटरला अतिनील किरणं सुमारे १० टक्क्यांनी वाढतात आणि ताजा बर्फ त्यांतली ८० टक्क्यांपर्यंत परत फेकतो. म्हणजे ऊन खालूनही येतं. बर्फावर श्रेणी ४ ची काच आणि दोन्ही बाजूंना आडोसा हवा. (ही काच घालून गाडी चालवू नये, फार अंधारी असते.) हिमांधत्वाची गंमत अशी की त्या वेळी काहीच जाणवत नाही. सहा ते बारा तासांनी, बहुधा रात्री, डोळ्यांत वाळू गेल्यासारखं दुखू लागतं. ढगाळ दिवशीही गॉगल काढायचा नाही. गटात एक जास्तीचा जोड ठेवा. नाकपुड्यांच्या खाली आणि हनुवटीच्या आतल्या बाजूलाही क्रीम लावा.

गॅसचा स्टोव्ह थंडीत का रुसतो?

सिलिंडरमध्ये द्रवरूप वायूंचं मिश्रण असतं. साधा ब्युटेन उणे ०.५ अंशाला उकळतो, आयसोब्युटेन उणे ११.७ ला, प्रोपेन उणे ४२ ला. हवा त्याहून गार झाली की द्रवाची वाफ होत नाही आणि ज्योत मंदावते. त्यात प्रोपेन आधी संपतो, म्हणून अर्धा रिकामा सिलिंडर जास्त कुरकुरतो. आयसोब्युटेन-प्रोपेनचं मिश्रण घ्या, रात्री सिलिंडर स्लीपिंग बॅगेत ठेवा आणि सकाळी त्याखाली फोमचा तुकडा सरकवा.

बर्फ वितळवताना भांड्यात तळाला थोडं पाणी आधी असू द्या. नुसता बर्फ थेट तापवला तर भांडं करपतं आणि पाण्याला जळका वास येतो. बर्फाचं पाणी करण्यात संध्याकाळचे दोन-तीन तास सहज जातात, ते वेळापत्रकात धरा. पाच हजार मीटरवर पाणी ८३ अंशांच्या आसपास उकळतं, त्यामुळे शिजायला वेळ लागणारं अन्न वर नेण्यात अर्थ नाही. बंद तंबूत स्टोव्ह पेटवू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि त्याची डोकेदुखी उंचीच्या डोकेदुखीसारखीच वाटते.

ग्लेशियरवर दोर बांधायची खरंच गरज आहे का? वाट मळलेली असेल तर?

ताज्या बर्फाने झाकलेली हिमभेग वरून दिसत नाही. मळलेल्या वाटेचा अर्थ एवढाच की आधीच्यांचं वजन हिमभेगेवरच्या बर्फाच्या पुलाने पेललं, तेही बहुधा पहाटे. तिघांचा दोर चांगला, प्रत्येकात दहा-बारा मीटर अंतर. दोघंच असाल तर अंतर वाढवा आणि मधल्या दोराला गाठी मारा: पडताना त्या पुलाच्या काठात रुततात आणि मागच्याला थोडी मदत होते. दोर ताठ हवा, पण ओढणारा नको. हातात वेटोळी घेऊन चालणं धोक्याचं, कारण तेवढा ढिला दोर म्हणजे तेवढं जास्त पडणं. दोर पाणी न शोषणारा घ्या. साधा दोर भिजला की जड होतो, गोठतो आणि त्याची ताकदही कमी होते.

व्यायाम भरपूर करतो. मग उंचीचा त्रास होणार नाही ना?

दुर्दैवाने याचा फारसा संबंध नाही. तगडी माणसं उलट अडकतात, कारण ती भराभर वर जातात. ५,५०० मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्मा असतो, म्हणजे प्रत्येक श्वासात प्राणवायू निम्माच. शरीर आधी श्वास वाढवतं, मग रक्तातली क्षारता जुळवतं, तांबड्या पेशी तर आठवड्यांच्या हिशोबाने वाढतात. व्यायामाने ही गती वाढत नाही.

नियम साधा आहे. तीन हजार मीटरच्या वर गेलात की रोजच्या मुक्कामाची उंची ५०० मीटरहून जास्त वाढवायची नाही, आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस त्याच उंचीवर थांबायचं. दिवसा त्याहून वर जाऊन परत खाली झोपायला येणं चालतं, फायद्याचंही असतं. हिशोब झोपायच्या उंचीचा.

डोकं दुखतंय आणि सोबत मळमळ, गळाठा किंवा गरगरणं आहे, तर तो उंचीचाच त्रास समजा, सर्दी किंवा उन्हाच्या माथी मारू नका. अशा वेळी वर जायचं नाही. एका दिवसात उतरलं नाही तर खाली जायचं.

दोन लक्षणांना मात्र थांबून पाहायचं नसतं. एक, चाल बिघडणं. सरळ रेषेत टाचेला अंगठा टेकवत चालायला सांगा. झोक जात असेल, बोलणं भरकटत असेल, तर मेंदूला सूज आलेली असू शकते. दुसरं, बसल्या जागी धाप. सुरुवातीला फक्त चढावर नेहमीपेक्षा जास्त दम लागतो, कोरडा खोकला येतो. पुढे विश्रांतीतही श्वास पुरत नाही आणि फेसाळ, गुलाबी थुंकी पडू शकते. हे फुप्फुसात पाणी झाल्याचं लक्षण. दोन्हींत प्राणवायू आणि औषध असेल तर द्याच, पण खरा उपाय खाली नेणं: निदान तीनशे ते हजार मीटर, रात्र असली तरी, आणि रुग्णाला एकटं न पाठवता. सकाळी बघू म्हणण्यात माणसं गेली आहेत.

उंचीच्या त्रासावरची डायमॉक्स ही गोळी आधीपासून घ्यावी का?

हे डॉक्टरांना विचारून ठरवा, सल्फा औषधांची अ‍ॅलर्जी असेल तर नक्कीच. प्रतिबंधासाठी सहसा १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, चढाईच्या आदल्या दिवसापासून देतात. ती लक्षणं झाकते हा गैरसमज आहे. मूत्रपिंडाला जास्तीचं बायकार्बोनेट बाहेर टाकायला लावून ती श्वास वाढवते, म्हणजे शरीर करणारच होतं ते लवकर करवते. बोटांना मुंग्या येतात, लघवी वाढते. घरी दोन दिवस घेऊन बघा. डेक्सामेथासोन या सूज उतरवणाऱ्या औषधाचं तसं नाही: ते लक्षणं दाबतं, म्हणून ते घेऊन पुढे चढत राहणं फार घातक.

हवामानाच्या अंदाजात नेमकं काय बघायचं?

आधी हे बघा की अंदाज कोणत्या उंचीचा आहे. पायथ्याच्या गावाचा अंदाज शिखरासाठी फारसा कामाचा नाही. सरासरी दर हजार मीटरला तापमान ६.५ अंशांनी उतरतं, एवढं तरी वजा करा.

मग वारा. लोक पाऊस-बर्फ बघतात आणि वारा विसरतात. वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो: ताशी ८० किलोमीटरचा वारा ४० च्या चौपट ढकलतो. धारेवर ४० ला नुसतं अवघड जातं, ८० ला उभं राहवत नाही. तिसरी गोष्ट म्हणजे शून्य अंशाची पातळी, म्हणजे ज्या उंचीवर तापमान शून्य अंश असतं ती. ती रात्रभर शिखराच्या वरच राहणार असेल तर बर्फ नीट गोठणार नाही, आणि पहाटे निघूनही मऊ बर्फच तुडवावा लागेल. तीन-चार दिवसांपुढचा अंदाज बेत आखायला वापरा, निर्णयाला नाही.

वर गेल्यावर तुमचं घड्याळही बोलतं. दाबावर चालणाऱ्या उंचीमापकाने तंबूत झोपल्या झोपल्या रात्रीत ४०-५० मीटर ‘चढाई’ दाखवली, तर दाब उतरलाय, हवा बिघडायची शक्यता आहे. शिखरावर भिंगाच्या आकाराचे स्थिर ढग दिसले, तर वर वारा जोराचा आहे.

अ‍ॅव्हलांचचा (हिमस्खलनाचा) धोका नवख्याला ओळखता येतो का?

पूर्ण नाही, पण टाळता बराच येतो. बहुतेक हिमस्खलनं ३० ते ४५ अंशांच्या उतारांवर होतात. कोन नकाशावरून आणि फोनमधल्या कोनमापकाने कळतो. आपण उभे आहोत तो उतार सौम्य असला तरी डोक्यावरचा बघा. मोठ्या हिमवृष्टीनंतरचे एक-दोन दिवस, आणि वाऱ्याने बर्फ आणून टाकलेली आडोशाची बाजू, हे सगळ्यात वाईट. पायाखाली ‘व्हुम्फ’ असा दबका आवाज आला किंवा तडे पळत गेले, तर चर्चा न करता आल्या वाटेने मागे.

जिथे पाच पातळ्यांची सूचना प्रसिद्ध होते, तिथे ती वाचाच, आणि ‘तीन म्हणजे मध्यम’ असं समजू नका. चार-पाचला लोक घरी बसतात, तीनला बाहेर पडतात, त्यामुळे पातळी तीनला बरेच मृत्यू होतात. ट्रान्सीव्हर (गाडलेल्याला शोधायचं रेडिओयंत्र), प्रोब (बर्फात खुपसून बघायची लांब काठी) आणि फावडं प्रत्येकाजवळ हवं. गाडलेल्याची जगण्याची शक्यता पहिल्या दहा-पंधरा मिनिटांनंतर झपाट्याने घसरते, म्हणजे वाचवणारे तुमचेच सोबती. शोधताना फोन ट्रान्सीव्हरपासून अर्धा मीटर तरी लांब. धोक्याचा उतार एकेकट्याने ओलांडा, बाकीच्यांनी सुरक्षित जागेवरून नजर ठेवायची.

मध्यरात्री निघायचं कशासाठी? उजाडल्यावर का नाही?

बर्फ गोठलेला असतो, पूल भक्कम असतात, बर्फात अडकलेले दगड जागेवर असतात. ऊन लागलं की तिन्ही बदलतं. दुपारच्या विजांआधी धारेवरून खाली यायचं असतं, हेही कारण.

परत फिरायची वेळ कशी ठरवायची?

उलटं मोजून. शिखरापासून नाही, तर कोणत्या वेळेला कुठे असणं धोक्याचं आहे तिथपासून.

समजा कॅम्प ५,००० मीटरवर आहे आणि शिखर ५,९०० वर. शिखराखालचा मोठा उतार अकरा वाजता मऊ पडतो, आणि माथ्यावरून त्याच्या तळाशी यायला दोन तास लागतात. म्हणजे माथा नऊला सोडायला हवा, कसंही झालं तरी. या उंचीवर जुळलेल्या गटाचा वेग ताशी १५० मीटर धरला तर ९०० मीटरला सहा तास, थांबे धरून सात. दोनला निघालात तर नऊला पोचाल, पण हाताशी काहीच उरत नाही. म्हणून एकला निघा. अर्धी चढाई साडेचारला व्हायला हवी. तिथे साडेपाच वाजले तर राखीव तास संपला. सहा वाजले तर परत फिरायचं, माथा समोर दिसत असला तरी.

साध्या डोंगरवाटांसाठी स्कॉटिश गिर्यारोहक नाइस्मिथ यांचा १८९२ चा नियम अजून वापरतात: पाच किलोमीटरला एक तास आणि दर ६०० मीटर चढाईला आणखी एक. उंचीवर, बर्फात, ओझ्यासह तो फार उदार आहे. स्वतःचा वेग आधीच्या दिवसांच्या चालीवरून काढा, आणि गटाचा वेग म्हणजे सर्वांत हळू चालणाऱ्याचा वेग.

ही वेळ खाली, पोटात गरम काही असताना ठरवून सगळ्यांसमोर मोठ्याने म्हणा. वर विरळ हवेत सगळेच आशावादी होतात. १० मे १९९६ ला एव्हरेस्टवर दुपारी दोननंतरही अनेक जण वर चढत राहिले. संध्याकाळी वादळ आलं आणि त्या दोन दिवसांत आठ जण गेले. वादळ टाळणं कुणाच्या हातात नव्हतं, त्या वेळी कुठे असायचं हे बरंचसं होतं.

फोनमध्ये नकाशा आहे. कागदी नकाशा आणि होकायंत्र कशाला?

थंडीत फोन ४० टक्क्यांवरूनही एकदम बंद पडतो. नेटवर्क नसताना जीपीएस चालतं, पण नकाशा आधी उतरवून ठेवावा लागतो. फोन फ्लाइट मोडवर, आतल्या खिशात, अंगाशी ठेवा. येतानाची वाट नोंदवत चला, धुक्यात परतताना तीच कामी येते. आणि कागदी नकाशा न्या, तो चार्ज करावा लागत नाही.

बोटं बधिर झाली तर चोळायची का?

नाही, बर्फाने तर अजिबात नाही. नुसता गारठा असेल तर काखेत किंवा सोबत्याच्या पोटाशी धरून ऊब द्या. कातडी पांढरी, मेणासारखी, कडक झाली असेल तर तो हिमदंश. गोठलेला भाग ३७ ते ३९ अंशांच्या पाण्यात धरून उबवायचा, पण पुन्हा गोठण्याची शक्यता उरली नसेल तेव्हाच. उबवलेलं बोट परत गोठलं तर नुकसान आणखी वाढतं. त्यामुळे गोठलेल्या पायांनी चालत कॅम्प गाठणं हे वाटेत ते उबवून पुढे चालण्यापेक्षा बरं. जाणीव नसलेले हात शेकोटीवर धरू नका, भाजलेलं कळत नाही.

मदत कशी मागायची?

आवाज, शिट्टी किंवा प्रकाश: मिनिटाला सहा वेळा, मग एक मिनिट थांबा, पुन्हा सहा. उत्तर मिनिटाला तीन वेळा येतं. हेलिकॉप्टर दिसलं तर दोन्ही हात वर तिरपे धरून इंग्रजी वाय अक्षर करा, म्हणजे ‘मदत हवी’. एक हात वर आणि एक खाली म्हणजे ‘नको’. दोन्ही हात हलवून ‘टाटा’ केल्यास वैमानिकाचा गोंधळ होतो.

उपग्रहावर चालणारं संदेशयंत्र चांगलं, पण काही देशांत ते परवान्याशिवाय बाळगणं गुन्हा आहे, आधी तपासा. खाली असलेल्या एका माणसाकडे मार्ग, गटाची नावं आणि ‘या वेळेपर्यंत निरोप आला नाही तर कळव’ अशी नेमकी वेळ लिहून ठेवा. विम्याच्या कागदात उंचीची मर्यादा आणि दोराने केलेली चढाई हे दोन मुद्दे शोधा. पुष्कळ विमे तिथेच हात वर करतात.

वापरलेलं साहित्य विकत घ्यावं का?

अ‍ॅक्स, क्रॅम्पॉन, तंबू, जॅकेट: नीट तपासून खुशाल. दोर, हार्नेस (दोर अडकवायचा कमरेचा पट्टा), स्लिंग (कापडी पट्टीचे फास), हेल्मेट: अनोळखी माणसाकडून नको. त्यांनी काय सोसलंय ते बाहेरून दिसत नाही, आणि बरेच उत्पादक कापडी साहित्य न वापरताही दहा वर्षांनी बाद करायला सांगतात. जुन्या बुटांबाबत एक खास सूचना. तळातलं पॉलियुरेथेन नुसतं पडून राहूनही काही वर्षांनी भुसभुशीत होतं. कपाटात जपलेला, नवाकोरा दिसणारा जोड दुसऱ्याच दिवशी तळ सोडतो. निघायच्या महिनाभर आधी तो घालून दोन-चार लांब चाली करा, अंगठ्याने तळाच्या कडा दाबून बघा, आणि सॅकमध्ये थोडी बारीक तार व चिकटपट्टी असू द्या.